लिनक्सवरचे गेम आणि दुकानाचा वाटा

या सदराकडे गेल्या काही महिन्यांत आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरत आहेत. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, जुने संगणक विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत, म्हणून अनेकांनी विंडोजऐवजी लिनक्स बसवले आणि त्यानंतर पहिला प्रश्न पडला तो गेमचा. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवले आहे. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेले बरेचसे गेम चक्क चालतात, याचे मला अजून नवल वाटते. मात्र विंडोजच्या काळापासून ज्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या भागावर) गेम साठवले होते, तिथले गेम सुरू होत नाहीत. 'प्ले' दाबले की बटणाचा रंग क्षणभर बदलतो आणि पुन्हा 'प्ले' दिसू लागते. कसलाही संदेश येत नाही. मुळात विंडोजसाठी केलेला गेम येथे चालतो कसा, आणि माझे कुठे चुकते आहे?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण त्यातूनच पहिल्याचे उत्तर मिळेल. स्टीममधील 'प्रोटॉन' ही व्यवस्था प्रत्येक विंडोज गेमसाठी एक स्वतंत्र फोल्डर तयार करते. 'स्टीमॲप्स' या फोल्डरमधील 'कॉम्पॅटडेटा' उघडून पाहिलेत, तर नुसत्या आकड्यांच्या नावांचे फोल्डर दिसतील. तो आकडा म्हणजे त्या गेमचा स्टीमवरील क्रमांक. त्याच्या आत एक छोटेसे खोटे विंडोज मांडलेले असते : सी ड्राइव्ह, विंडोजचे फोल्डर, रजिस्ट्री, सगळे काही. सी ड्राइव्हकडे बोट दाखवणारा एक दुवाही तेथे असतो आणि त्याच्या नावात 'सी' या अक्षरापुढे अपूर्णविराम असतो. लिनक्सच्या फाइल व्यवस्थेला असे नाव चालते, पण विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर अपूर्णविराम असलेल्या नावाला मुळातच मज्जाव आहे. तिथे हा दुवा नीट तयार होत नाही, झाला तरी टिकत नाही, आणि गेम उंबरठ्यावरूनच परत फिरतो. शिवाय विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' चालू राहिले असेल, तर ते पार्टिशन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते आणि लिनक्स ते केवळ वाचण्यापुरते उघडते. उपाय एकच आणि साधा आहे. लिनक्सच्या ईएक्सटी4 किंवा बीटीआरएफएस पार्टिशनवर स्टीमची नवी लायब्ररी तयार करावी आणि गेमच्या गुणधर्मांत जाऊन तो तिकडे हलवावा. पुन्हा डाउनलोड करण्याची गरज पडत नाही.

आता गेम चालतो कसा, याविषयी. प्रोटॉनचा पाया असलेला 'वाइन' हा प्रकल्प 1993 पासून सुरू आहे. त्याला सर्रास दुभाष्या म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. गेम विंडोजकडे ज्या ज्या गोष्टी मागतो (फाइल उघड, खिडकी दाखव, आवाज वाजव), त्या पुरवणारी विंडोजची ग्रंथालये वाइनच्या मंडळींनी पहिल्यापासून नव्याने लिहून काढली आहेत. गेमचा मूळ कोड प्रोसेसरवर थेटच चालतो, त्याचे भाषांतर होत नाही. भाषांतर होते ते चित्रांच्या बाबतीत. विंडोज गेम डायरेक्टथ्रीडी या भाषेत ग्राफिक्स कार्डाशी बोलतात. पूर्वी वाइन ते बोलणे ओपनजीएल या दुसऱ्या ग्राफिक्स भाषेत उतरवत असे आणि नव्या गेमपुढे त्याची दमछाक होई. 2016 मध्ये व्हल्कन हे नवे मानक आले आणि डायरेक्टथ्रीडीचे बोलणे त्यात उतरवणारा डीएक्सव्हीके हा प्रकल्प उभा राहिला. डायरेक्टथ्रीडीच्या बाराव्या आवृत्तीसाठी व्हीकेडी3डी-प्रोटॉन हे त्याचे भावंड आहे. वाइन, ही दोन भाषांतरयंत्रे आणि इतर बरीच डागडुजी एकत्र बांधून ऑगस्ट 2018 मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीने जे बाहेर काढले, ते प्रोटॉन. वेगात फरक पडतो का, तर बहुतेक गेममध्ये तो इतका थोडा असतो की मोजल्याशिवाय कळत नाही. पहिल्यांदा खेळताना मधूनमधून जो अडखळा जाणवतो, तो शेडर (ग्राफिक्स कार्डाने चित्र कसे रंगवायचे त्याच्या सूचना) तयार होण्याचा असतो आणि पुढच्या खेपेस बहुधा नाहीसा होतो.

प्रश्न : मी हिशेबनीस आहे, त्यामुळे माझी शंका पैशांची आहे. व्हॉल्व्ह स्टीम हे दुकान चालवते, तिचे बहुतेक गिऱ्हाईक विंडोजवर आहे. असे असताना ज्या सॉफ्टवेअरसाठी कोणी छदाम देत नाही, त्यावर ही कंपनी इतकी वर्षे खर्च का करते? हे औदार्य माझ्या पचनी पडत नाही.

उत्तर : औदार्य नाहीच. ज्याचे दुकान दुसऱ्याच्या जागेत आहे, त्याला जागामालकाची नजर कळते आणि तो वेळीच आपला गाळा पाहू लागतो. व्हॉल्व्हच्या लिनक्सप्रेमाची कथा एवढीच आहे.

स्टीम सप्टेंबर 2003 मध्ये सुरू झाले, ते पूर्णपणे विंडोजच्या जमिनीवर. 2012 मध्ये विंडोज 8 सोबत मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान थेट विंडोजच्या आतच थाटले. तोवर संगणकावर कोणताही कार्यक्रम कोणाकडूनही घेऊन बसवता येत असे. आता जागामालकच त्याच मालाचा विक्रेता झाला. उद्या तो इतरांना आत यायला भाडे मागणार नाही किंवा दारच बंद करणार नाही, याची हमी कोणी देऊ शकत नव्हते. व्हॉल्व्हचे संस्थापक गेब न्यूएल यांनी स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये 13 वर्षे काढली होती. त्यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये विंडोज 8 ही संगणक व्यवसायातील सर्वांसाठी आपत्ती असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि लिनक्सचा उल्लेख बचावाची तरतूद म्हणून केला. फेब्रुवारी 2013 मध्ये स्टीम अधिकृतपणे लिनक्सवर आले.

हिशेबनिसाला रस वाटावा असा भाग यानंतरचा आहे, कारण पहिला प्रयत्न साफ फसला. 2015 च्या नोव्हेंबरात 'स्टीम मशीन' नावाचे, लिनक्सवर चालणारे तयार संगणक वेगवेगळ्या उत्पादकांनी बाजारात आणले. ते घ्यायचे कोणी? लिनक्सवर मोठे गेम नव्हते म्हणून खेळणारे येत नव्हते, आणि खेळणारे नव्हते म्हणून स्टुडिओ लिनक्ससाठी आवृत्ती काढत नव्हते. हे दुष्टचक्र नवे नव्हते. 1998 मध्ये स्थापन झालेल्या लोकी सॉफ्टवेअर या कंपनीने नामांकित गेम लिनक्सवर आणून विकण्याचा धंदा केला होता, आणि 2002 च्या सुरुवातीस तिला टाळे लागले. व्हॉल्व्हने स्टुडिओंना आर्जवे केली, सवलतीही दाखवल्या असतील, पण चक्र तसेच राहिले.

प्रोटॉनचे खरे महत्त्व तांत्रिक करामतीपेक्षा येथे आहे, असे माझे मत आहे. त्याने स्टुडिओला या चक्रातून बाहेरच काढले. स्टुडिओने काहीही न करता त्याचा गेम लिनक्सवर चालू लागला, त्यामुळे 'आधी तुम्ही या, मग आम्ही येऊ' हा वादच संपला. फेब्रुवारी 2022 मध्ये 399 डॉलरपासून पुढे किमती असलेला स्टीम डेक हा हातात धरायचा संगणक आला, तेव्हा त्याच्यासाठी हजारो गेम तयारच होते. ही किंमत इतकी खाली ठेवणे कंपनीला जड गेले, हे न्यूएल यांनीच सांगितले होते. यंत्रावर फारसे मिळाले नाही तरी चालते, कारण यंत्र विकत घेणारा पुढे वर्षानुवर्षे गेम घेणार तो स्टीमवरूनच. जागा, गल्ला आणि गिऱ्हाईक तिन्ही एकाच घरात आले. वाइनवर काम करणाऱ्या कोडवीव्हर्स या कंपनीला आणि इतर तंत्रज्ञांना दिलेला पैसा या जमाखर्चात कोठे बसतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. व्हॉल्व्ह ही खासगी मालकीची कंपनी असल्यामुळे दर तिमाहीला भागधारकांपुढे उभे राहण्याचीही तिला गरज नव्हती. नाही तर 2015 नंतर ही खातेवही केव्हाच बंद झाली असती.

एक गंमत मात्र नोंदवण्यासारखी आहे. वाइनचा परवाना असा आहे की त्यात केलेली सुधारणा वाटताना तिचा कोडही खुला ठेवावा लागतो. त्यामुळे व्हॉल्व्हच्या पैशांतून झालेले काम कोणालाही वापरता येते. 'हिरोइक' या मुक्त कार्यक्रमातून एपिक आणि जीओजी या प्रतिस्पर्धी दुकानांतले गेम लिनक्सवर चालतात, ते याच कामाच्या जोरावर.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र गेली दोन वर्षे कोड्यांचा एक गेम तयार करीत आहोत. स्टीम 30 टक्के घेते आणि एपिक 12 टक्के, तर सगळे लोक स्टीमवरच का जातात? आणि आम्ही लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढावी का?

उत्तर : दर पाहून दुकान निवडता आले असते, तर हा प्रश्न 6 डिसेंबर 2018 रोजी, म्हणजे एपिकचे दुकान उघडले त्याच दिवशी निकालात निघाला असता. गेमची किंमत 100 धरली, तर स्टीमवर आपल्या हाती 70 येतात आणि एपिकवर 88. म्हणजे एपिकवर स्टीमच्या सुमारे चार-पंचमांश विक्री झाली, तरी दोन्हीकडची कमाई सारखीच ठरेल. जून 2025 पासून तर एपिक प्रत्येक गेमच्या वर्षाकाठच्या पहिल्या 10 लाख डॉलरवर काहीच घेत नाही, म्हणजे आपल्यासारख्यांसाठी दर शून्य. तरीही लोक स्टीमवर जातात, कारण खेळणाऱ्यांची जुनी लायब्ररी, मित्रमंडळी, साठवलेली प्रगती आणि इतरांचे अभिप्राय तिथे आहेत. विक्री चार-पंचमांशावर थांबत नाही, बहुतेक छोट्या गेमची ती त्याहून पुष्कळ खाली जाते. 30 टक्क्यांत आपण गर्दीचे भाडे देतो.

या भाड्याविषयी मला एक गोष्ट खटकते. 2018 च्या अखेरीस स्टीमने दरांची उतरंड लावली : एका गेमची विक्री 1 कोटी डॉलरच्या पुढे गेली की त्यापुढील रकमेवर 25 टक्के, आणि 5 कोटींच्या पुढे 20 टक्के. 6 कोटी डॉलरची विक्री करणारा बडा गेम त्यामुळे 30 लाख, 1 कोटी आणि 20 लाख असे मिळून 1 कोटी 50 लाख देतो, म्हणजे सरासरी 25 टक्के. 2 लाख डॉलरची विक्री करणाऱ्या छोट्या स्टुडिओला मात्र पुरते 30 टक्के मोजावे लागतात. प्राप्तिकराच्या पायऱ्या उलट्या लावल्यासारखे हे आहे. कारण उघड आहे : बडा प्रकाशक स्वतःचे दुकान काढून निघून जाऊ शकतो, आपण दोघे जाऊ शकत नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. स्टीमवर नोंदणी करावी. तिचे शुल्क प्रत्येक गेममागे 100 डॉलर आहे आणि विक्री 1,000 डॉलरवर गेली की ते परत मिळते. त्यासोबत इच.आयओ या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातही गेम ठेवावा, कारण तिथे दुकानाला किती द्यायचे ते आपणच ठरवायचे असते. काही न बदलल्यास 10 टक्के जातात. स्टीमच्या 'की' (गेम खात्यात जमा करण्याचे संकेतांक) आपण स्वतःच्या संकेतस्थळावर विकल्यास त्या विक्रीतून स्टीम वाटा घेत नाही, पण स्टीमवरील गिऱ्हाइकाला त्याहून महाग विकू नये अशी अट आहे. दुकानाची ही पकड किती रास्त आहे, यावरून वोल्फायर गेम्स या छोट्या स्टुडिओने 2021 मध्ये अमेरिकेत व्हॉल्व्हविरुद्ध दावाही दाखल केला. आणखी एक गोष्ट : खरेदीपासून 14 दिवसांत आणि 2 तासांहून कमी खेळलेला गेम स्टीमवर परत करता येतो. आपला कोड्यांचा गेम दीड तासात सुटत असेल, तर हे आधी ध्यानात घ्यावे.

लिनक्स आवृत्तीविषयी माझे मत काही लिनक्सप्रेमींना रुचणार नाही. आपल्या दोघांपैकी कोणी रोज लिनक्स वापरत नसेल, तर वेगळी आवृत्ती काढू नये. गेम-इंजिनमध्ये एक बटण दाबून ती तयार होते हे खरे, पण तपासणार कोण? विंडोजवर फाइलच्या नावातील मोठ्या आणि लहान लिपीतील अक्षरांत फरक नसतो, लिनक्सवर असतो. कोडमध्ये चित्राचे नाव एका प्रकारे लिहिले आणि फाइल दुसऱ्या प्रकारे साठवली, की विंडोजवर ते चित्र दिसते आणि लिनक्सवर त्या जागी रिकामा चौकोन येतो. प्रोटॉन हा फरक सांभाळून घेते. काढून मग वाऱ्यावर सोडलेली आवृत्ती तर नसलेल्या आवृत्तीपेक्षा वाईट. रॉकेट लीग हा गाजलेला गेम लिनक्सवर होता, मार्च 2020 मध्ये त्याचा तिथला आधार काढून घेतला गेला आणि पैसे देऊन बसलेले खेळाडू तोंडात मारल्यासारखे झाले.

त्याऐवजी विंडोज आवृत्तीच प्रोटॉनवर नीट तपासावी. मधले चलच्चित्र विंडोजच्या खास स्वरूपात न ठेवता व्हीपी9 सारख्या खुल्या स्वरूपात ठेवावे, नाही तर कथेच्या ऐन भरात पडद्यावर रंगीत पट्ट्या दिसण्याचा संभव असतो. मजकुराची अक्षरे स्टीम डेकच्या 1280 बाय 800 च्या छोट्या पडद्यावर वाचता येतील एवढी ठेवावीत. प्रोटॉनवर खेळण्यासाठी घेतलेला गेम स्टीमच्या हिशेबात लिनक्सची विक्री म्हणूनच धरला जातो, तेव्हा आपले गिऱ्हाईक कोठे आहे हे आपल्याला पुढे कळेलच.

आणि हे गिऱ्हाईक थोडे असले तरी कामाचे असते. 'डेल्टा-व्ही : रिंग्ज ऑफ सॅटर्न' या गेमच्या निर्मात्याने 2021 मध्ये आपले आकडे उघड केले होते. लिनक्सवरील विक्री 5.8 टक्के, पण एकूण दोष-अहवालांपैकी 38 टक्क्यांहून अधिक लिनक्सवाल्यांकडून आलेले. कोणी म्हणेल, म्हणजे लिनक्सने डोक्याला ताप दिला. प्रत्यक्षात त्या सुमारे 400 अहवालांपैकी केवळ 3 दोष लिनक्सपुरते होते. उरलेले सर्वांच्याच संगणकांवर होते, फक्त कोणी नीट लिहून कळवले नव्हते. फुकटात इतका चोख तपासनीस मिळत असेल, तर त्याच्या पत्राला उत्तर देण्याचा आळस करू नये.

प्रश्न : माझा मुलगा मित्रांबरोबर जे एकत्र खेळायचे नेमबाजीचे गेम खेळतो, तेच नेमके लिनक्सवर चालत नाहीत. ही अडचण कधी सुटेल?

उत्तर : ही अडचण आता तंत्राची उरलेली नसून इच्छेची आहे. अशा गेममध्ये लबाडी पकडणारा पहारेकरी कार्यक्रम असतो. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी सप्टेंबर 2021 मध्येच प्रोटॉनला वाट करून दिली, मात्र ती वाट उघडायची की नाही हे प्रत्येक स्टुडिओवर सोडले. फोर्टनाइटने ती उघडली नाही. एपेक्स लेजेंड्सने उघडली होती, ती ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस लबाडीचे कारण देऊन बंद केली. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड हा पहारेकरी तर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे घराच्या पायातच बसतो. प्रोटॉनच्या खोट्या विंडोजमध्ये तसा पाया नसतोच, आणि लिनक्सचा कर्नल ज्याला त्याला बदलता येत असल्याने त्यावर विश्वास ठेवायला हे स्टुडिओ तयार नाहीत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण थोड्या खेळाडूंसाठी ही डोकेदुखी कशाला, हा हिशेबही त्यामागे आहेच. लिनक्सवरचे खेळाडू वाढले की तो बदलेल. तोवर मुलाच्या गेमची नावे प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर (तिथे कोणता गेम लिनक्सवर कसा चालतो ते खेळाडू नोंदवतात) तपासावीत आणि तेच गेम अत्यावश्यक असतील, तर एका पार्टिशनवर विंडोज राहू द्यावे. मित्र सोडून मुलगा तत्त्वासाठी एकटा खेळत बसेल, अशी अपेक्षा करू नये.

प्रश्न : माझ्या स्टीम खात्यात तीनशेहून अधिक गेम आहेत. हे माझ्या मालकीचे आहेत ना? माझ्या पश्चात मुलीला देता येतील का?

उत्तर : दोन्हींचे उत्तर नकारार्थी आहे. आपण घेतला तो गेम वापरण्याचा परवाना. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये याविषयी कायदा केल्यानंतर स्टीमच्या खरेदीच्या पानावरही तसे स्पष्ट लिहिलेले दिसते. करारानुसार खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. माझ्या स्वतःच्या ई-मेलमध्ये एका बंद पडलेल्या दुकानाची पावती अजून आहे, गेम मात्र दुकानाबरोबर गेला.

2008 पासून चालू असलेले जीओजी हे दुकान गेम कुलूपबंद न करता विकते. कायद्याच्या भाषेत तोही परवानाच, पण गेम बसवण्याची फाइल आपल्याकडे उतरवून ठेवली की ती परत घेण्याचा मार्ग दुकानाकडे राहत नाही. जीओजीचा स्वतःचा कार्यक्रम लिनक्सवर नसला, तरी वर सांगितलेल्या हिरोइकमधून काम भागते. स्टीमवरचेही काही गेम कुलपाशिवायच असतात, त्यांचा फोल्डर उचलून बाहेर ठेवला तरी ते स्टीमविना सुरू होतात. आपल्या आवडत्या दहा-बारा गेमपुरते तरी हे करून पाहावे. जीओजीच्या मोठ्या गेमच्या फाइली अनेक तुकड्यांत येतात, ते सर्व तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवावेत आणि नावे बदलू नयेत, नाही तर गेम बसवताना अर्ध्यावर अडतो.